शेवटची दहा मिनिटं

मिस्त्री : तिकिटं खिशात, बाटली पिशवीत, टोपी डोक्यावर. आणि वही? वही कुठंय?

कंपाउंडर : कपाटात.

मिस्त्री : मग काढ की. दोन वाजून गेले.

कंपाउंडर : राहू दे तिथंच.

मिस्त्री : वहिनी, याला ताप-बीप आहे का हो? सह्या घेणारा माणूस मॅचला निघालाय आणि म्हणतो वही राहू दे. उद्या मी गॅरेजला निघेन आणि म्हणेन, पाने राहू देत घरी, नुसत्या बोटांनी नट फिरवतो.

वहिनी : भावजी, आधी बसा. दारात उभं राहून ओरडू नका. मीही सकाळपासून हेच विचारतेय. वही काढून पुसून टेबलावर ठेवली, तर यांनी उचलून परत कपाटात ठेवली. विचारलं तर म्हणे, असंच.

मिस्त्री : असंच? आज असंच? अरे, आज कुणाची मॅच आहे ते तरी माहीत आहे का तुला?

कंपाउंडर : तिसऱ्या खांबाची शेवटची.

वहिनी : तिसरा खांब म्हणजे तो उंच गोलकीपर ना? किडकिडीत?

मिस्त्री : तोच. गोलला दोन खांब असतात वहिनी, आणि तिसरा हा. एकोणीस वर्षं उभा आहे तिथं. आज खेळला की संपलं, ग्लोव्हज खुंटीला. आणि आता तुम्ही ऐका मी काय करून ठेवलंय ते. त्यांच्या टीमची बस आमच्या गॅरेजला येते. सोळा वर्षं तिचे ब्रेक मी बघतोय. तिच्या ड्रायव्हरकडे आजवर मी चहासुद्धा मागितला नाही. परवा पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, माझ्या मित्राला दोन मिनिटं दे. तो म्हणाला, मॅच संपायच्या दहा मिनिटं आधी मागच्या फाटकाशी या, आत घेतो, बसच्या दाराशी उभे राहा. खांब आधी तुमच्याच समोर येईल. पण शिट्टी वाजली की फाटक बंद, मग माझा बाप आला तरी उघडणार नाही.

वहिनी : एवढं सगळं केलंत?

मिस्त्री : याच्यासाठी! गर्दी नाही, धक्काबुक्की नाही, समोरासमोर तो आणि हा. आणि याची वही कपाटात.

कंपाउंडर : मिस्त्री, तू फोनवर सांगितलंस तेव्हाच मी नाही म्हणायला हवं होतं. तू इतका खुशीत होतास की जीभ उचलेना.

मिस्त्री : म्हणजे यायचंच नाही तुला?

कंपाउंडर : मॅचला यायचंय. फाटकाशी यायचं नाही. मला ती दहा मिनिटं बघायचीयत.

मिस्त्री : कुठली दहा मिनिटं?

कंपाउंडर : शेवटची. एकतीस वर्षं झाली आपल्याला. किती मॅच झाल्या असतील? ऐंशीवं मिनिट लागलं की आपण उठतो. जागा मिळायला हवी, पहिल्या रांगेत असायला हवं. मैदानाच्या भिंतीला कान लावून उभं राहायचं आणि ओरडण्यावरून ओळखायचं गोल झाला की हुकला.

मिस्त्री : आणि मी कधी चुकलोय? लांबलचक ‘ओ’ आला की हुकला, आणि फटाका फुटल्यासारखा आवाज आला की गोल. पेनल्टी तर मी नुसत्या शांततेवरून सांगतो.

वहिनी : तेच तर! मी लग्नापासून बघतेय. हे घरी यायचे, बूटसुद्धा न काढता सह्या दाखवायचे. मी विचारायची, मॅच कशी संपली हो? तर म्हणायचे, उद्या पेपरात बघू.

मिस्त्री : वहिनी, तुम्ही हसताय, पण सह्यांचं मोल तुम्हाला नाही ठाऊक. म्हणजे सह्या ठाऊक आहेत, पण त्या हा कशा घ्यायचा ते तुम्ही कुठं बघितलंय?

वहिनी : एवढं बघितलंय की कुठलीही सही यांना वाचता येते. चौतीस वर्षं डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून औषधं दिली. खेळाडूला स्वतःला लागणार नाही ती सही हे घडाघडा वाचतात.

मिस्त्री : ते सोडा. बाकीचे काय करायचे? साहेब सही, साहेब इकडे, साहेब एक फोटो. हा गप्प उभा. आणि माणूस समोर आला की एकच वाक्य बोलायचा. पण असं वाक्य की समोरचा थांबलाच पाहिजे. तुम्हाला एक सांगतो. एकदा एका डिफेंडरमुळे टीम हरली. सतराव्या मिनिटाला त्यानं पाय घातला नाही, समोरचा पुढं गेला आणि गोल. अख्खं मैदान त्याला शिव्या घालत होतं. तो बाहेर आला, मान खाली, कुणाकडे न बघता बसमध्ये चढला. हा खिडकीपाशी गेला आणि म्हणाला—काय म्हणालास रे?

कंपाउंडर : कशाला आता ते.

मिस्त्री : म्हणाला, ‘तुम्ही पाय मागे घेतलात ते मी पाहिलं. घेतला नसता तर त्या मुलाचा गुडघा कायमचा गेला असता.’ वहिनी, तो माणूस बसमधून खाली उतरला. सुरू झालेल्या बसमधून! याच्या हातातली वही घेतली, गुडघ्यावर ठेवली आणि पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट. ‘निदान कुणीतरी पाहिलं,’ म्हणाला, आणि परत वर चढला.

वहिनी : हे मला कधी सांगितलं नाहीत तुम्ही.

कंपाउंडर : सही दाखवली होती.

वहिनी : सही दाखवली होती म्हणे!

मिस्त्री : आणि राखीव खेळाडू? त्यांच्याकडे कुत्रं फिरकत नाही. हा त्यांच्याकडे आधी जायचा. एक जण तर म्हणाला, ‘माझी कशाला घेता, मी खेळलोच नाही.’ हा म्हणाला, ‘चाळीस मिनिटं तुम्ही रेषेबाहेर धावत होतात, मी बघत होतो.’ तो पोरगा पुढं कर्णधार झाला. झाल्यावर गर्दीत यानं आवाज दिला नव्हता तरी शोधत आला याला. मी सांगतो वहिनी, सही घेणारे हजार बघितले मी. असा दुसरा नाही. अकरा वह्या, एक हजार ब्याऐंशी सह्या, आणि त्यातली एकही धक्का मारून घेतलेली नाही. धक्के मी खाल्ले, ती गोष्ट वेगळी.

कंपाउंडर : एक हजार ब्याऐंशी नाहीत. एक हजार एक्क्याऐंशी.

मिस्त्री : गेल्या महिन्यात तूच ब्याऐंशी म्हणालास.

कंपाउंडर : एक गेली. चार वर्षांपूर्वीच गेली, मी मोजत राहिलो.

वहिनी : गेली म्हणजे? फाटली?

कंपाउंडर : तो नवा फॉरवर्ड, खूप नाव झालं होतं त्याचं तेव्हा. त्या दिवशी गेटवर ही गर्दी. त्याच्या हातात पेन, कानाला फोन, समोर येईल त्यावर सही करत चाललेला. मी कोरं पान उघडून धरलं होतं, मागून कुणाचा तरी धक्का लागला, पान उलटलं. त्यानं न बघता सही ठोकली. दुसऱ्या सहीवर.

मिस्त्री : कुणाच्या?

कंपाउंडर : बापाचं नाव लिहिलेल्या.

वहिनी : अगं बाई!

मिस्त्री : त्या डिफेंडरच्या? अरे, मग मला सांगायचं नाहीस? मी त्या पोराला धरून आणला असता!

कंपाउंडर : ऐकून घे. त्याचा दोष नव्हता. त्याच्याभोवती तीनशे माणसं होती. मला वाईट कशाचं वाटलं सांगू? मला राग आला नाही. यायला हवा होता ना? दहा वर्षांपूर्वी हे झालं असतं तर मी आठ दिवस जेवलो नसतो. त्या दिवशी घरी आलो, वही ठेवली, जेवलो आणि झोपलो. सकाळी उठल्यावर लक्षात आलं की आपल्याला काहीच वाटलं नाही. तेव्हा कळलं, आतून ते संपलंय.

मिस्त्री : चार वर्षं झाली याला?

कंपाउंडर : चार.

मिस्त्री : मग चार वर्षं माझ्याबरोबर गेटवर काय करत होतास?

कंपाउंडर : तुझ्याबरोबर उभा होतो.

मिस्त्री : म्हणजे माझ्यावर उपकार?

कंपाउंडर : उपकार कसले. तू दर वेळी स्कूटर पुसून, टोपी घालून दारात हजर. तुला नाही कसं म्हणायचं?

मिस्त्री : अरे गाढवा, मी तुझ्यासाठी येत होतो! माझ्या टाचा दुखतात, डॉक्टर उभं राहू नका म्हणून सांगतोय. मी आयुष्यात एक तरी सही घेतली का? मला काय करायचीय सही? मी म्हणायचो, कंपाउंडरचा हा एकच शौक, आपण नाही गेलो तर याचं कसं होणार.

वहिनी : वा! म्हणजे चार वर्षं तुम्ही दोघं एकमेकांवर उपकार करत उन्हात उभे. आणि मी दोघांना पाण्याच्या बाटल्या भरून देतेय.

मिस्त्री : हसू नका वहिनी. मला खरंच लागलंय हे. मी सह्यांसाठी येत नव्हतो, हा काय बोलतो ते ऐकायला येत होतो. अलीकडे हा बोलेनासा झाला ते माझ्या ध्यानात आलं होतं. माणूस समोर आला की नुसती वही पुढं करायचा. मला वाटलं, वय झालं, घशाचं काहीतरी असेल.

कंपाउंडर : वाक्यच सुचायचं नाही.

वहिनी : मग आता ही शेवटची दहा मिनिटं कुठून निघाली? सह्यांचा कंटाळा आला, समजलं. मग घरी बसायचं.

कंपाउंडर : गेल्या वर्षीची सेमीफायनल. मिस्त्री, तू पुढं गेलास आणि मी आलोच नाही, आठवतं?

मिस्त्री : जिन्यात अडकलो म्हणालास.

कंपाउंडर : अडकलोच होतो. जिन्यात एका बाईंना चक्कर आली होती, रखवालदारानं वाट बंद केली. मागं फिरलो आणि कठड्याशी उभा राहून राहिलेली मॅच बघितली. तिसरा खांब जिंकत होता, तीन-शून्य. काही उरलंच नव्हतं मॅचमध्ये. लोक उठून चालले होते. आणि हा माणूस पहिलं मिनिट असल्यासारखा खेळत होता. बॉल पलीकडे असला तरी हा इकडे दोन पावलं डावीकडे, एक पाऊल पुढं. शिट्टी वाजली. त्याच्या टीमचे सगळे नाचायला लागले. हा चालत पलीकडच्या गोलपाशी गेला. तिथला कीपर, वीस-बावीसचा असेल, खांबाला टेकून बसला होता, तोंड गुडघ्यात. हा त्याच्या शेजारी जाऊन बसला.

वहिनी : काय बोलला?

कंपाउंडर : काही नाही. नुसता बसला. चांगली पाच मिनिटं. मग तो पोरगा उठला तेव्हा हा उठला. मिस्त्री, त्याच्या तीन सह्या आहेत माझ्याकडे. तिन्ही वेळा मी त्याच्याशी बोललोय, हात मिळवलाय. आणि हा माणूस असा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. मी तेव्हा भिंतीच्या पलीकडे पेनाचं टोपण उघडून उभा असायचो.

मिस्त्री : हं.

वहिनी : भावजी, कसला विचार करताय?

मिस्त्री : ड्रायव्हरला काय सांगू याचा. सोळा वर्षांत एकदा शब्द टाकला.

कंपाउंडर : तू जा फाटकाशी. मी अडवत नाही. तुझा शब्द राहील, आणि खांब तुला भेटेल.

मिस्त्री : मी जाऊन काय बोलू त्याच्याशी? ‘बसचे ब्रेक बरोबर लागतात ना?’

वहिनी : तिकिटं दोनच आहेत का?

मिस्त्री : तीन. मेव्हणा येणार होता, त्याची कंबर धरलीय. का हो?

वहिनी : थांबा पाच मिनिटं. चप्पल बदलून येते.

(मैदान. ऐंशी मिनिटं संपली आहेत. दोन्हीकडे एकेक गोल.)

वहिनी : भावजी, कुठं निघालात? बसा की.

मिस्त्री : मी कुठं उठलो? पाय उठले आपोआप. एकतीस वर्षांची सवय आहे त्यांना.

कंपाउंडर : जायचं तर आताच जा. तीन मिनिटं लागतात मागच्या फाटकाला.

मिस्त्री : तू नक्की येत नाहीस?

कंपाउंडर : नाही.

मिस्त्री : शेवटचं विचारतो. पुन्हा असा योग येणार नाही.

कंपाउंडर : माहीत आहे.

मिस्त्री : थांब मग, फोन करतो... हॅलो? हां, मी बोलतोय. नाही, येत नाही आम्ही. दोघंही नाही. हो, शुद्धीत आहे. अरे, मॅच बघतोय! ...हो, तूही बघ. ठेवतो.

वहिनी : रागावला?

मिस्त्री : म्हणाला, मी एवढी वर्षं बस चालवतोय, मीही कधी बघितली नाही. कॉर्नर आहे का हा?

कंपाउंडर : कॉर्नर. आता बॉलकडे बघू नकोस, खांबाकडे बघ. बघ, प्रत्येकाला हातानं ढकलून जागेवर उभं करतोय. त्या छोट्याला खांद्याला धरून फिरवला बघ.

वहिनी : तो सहा नंबरचा? अगदी पोर दिसतो.

कंपाउंडर : पहिलंच वर्ष आहे त्याचं. आला बॉल—घेतला! घेतला त्यानं. सगळ्यांच्या डोक्यावरून.

मिस्त्री : एकोणचाळीस वर्षांचा आहे रे हा! माझे गुडघे त्या वयात पायरीला वाजायचे.

वहिनी : किती राहिलं?

कंपाउंडर : सहा. बोलू नका आता.

मिस्त्री : तो बघ, पलीकडचा दहा नंबर बॉल घेऊन आला. सहा नंबरनं जाऊ दिला त्याला. लांबून मारतोय. काही नाही, साधा बॉल आहे, हातात ये—अरे! अरे, हे काय झालं?

वहिनी : आत गेला?

मिस्त्री : काखेतून! हातातून निसटून काखेतून गेला! हा काय बॉल होता? माझ्या नातवानं अडवला असता. शेवटच्या मॅचला, चार मिनिटं राहिली असताना...

कंपाउंडर : गप्प बस.

वहिनी : किती शांत झालं सगळं.

मिस्त्री : ही शांतता मी भिंतीमागून कधी ऐकली नव्हती. पेनल्टीची वेगळी असते.

वहिनी : अहो, तुम्ही डोळे का मिटलेत? एवढा हट्ट करून आलात ना? बघा. तो उठला.

कंपाउंडर : बघतोय.

वहिनी : जाळीत जाऊन स्वतःच बॉल काढतोय. आता त्या सहा नंबरकडे चाललाय. बिचारं पोर कमरेवर हात ठेवून उभं आहे, रडतंय बहुतेक. ओरडणार का हा त्याच्यावर?

कंपाउंडर : नाही. छातीवर हात ठेवतोय स्वतःच्या. माझी चूक म्हणून सांगतोय त्याला. सगळ्यांना दिसेल असं सांगतोय.

मिस्त्री : चूक दोघांची होती.

कंपाउंडर : हो. बॉल दिला त्याच्या हातात. जा म्हणतोय, मधे नेऊन ठेव.

वहिनी : गेला पोरगा. पळत गेला!

मिस्त्री : आणि हा परत आपल्या जागेवर. दोन पावलं डावीकडे, एक पाऊल पुढं. कंपाउंडर, तू सांगितलंस अगदी तसंच. काहीच झालं नाही असा उभा आहे.

कंपाउंडर : झालंय ना. म्हणून तर बघ.

वहिनी : पुन्हा आले ते. पुन्हा तोच दहा नंबर! मला बघवत नाही हो.

मिस्त्री : तिसरा गोल... नाही! बाहेर आला खांब, पायात झोकून दिलं! पकडला! वहिनी, पकडला त्यानं!

वहिनी : सगळे उभे राहिले. पलीकडच्या टीमचे लोकसुद्धा टाळ्या वाजवतायत. भावजी, बाटली सांडली तुमची.

मिस्त्री : सांडू दे.

कंपाउंडर : शिट्टी. संपलं.

वहिनी : हरले ना हो?

कंपाउंडर : हरले. दोन-एक.

मिस्त्री : फाटक बंद झालं असेल. पण बस बाहेर पडताना वळणावर हळू होते, मला माहीत आहे ती जागा. पेन आहे माझ्याकडे, कागद कुठलाही चालेल. आता पळालो तर गाठू. आज तुझ्याकडे वाक्य आहे, कंपाउंडर. आज तुला सुचेल.

कंपाउंडर : सुचलंय.

मिस्त्री : मग चल की!

कंपाउंडर : आज मला त्याच्याकडे काही मागवत नाही रे. हात पुढं केला तर तोही काहीतरी मागितल्यासारखाच होईल. जाऊ दे त्याला घरी.

वहिनी : मग बसा दोघंही. मैदान रिकामं होऊ दे. ते बघा, तो एकेकाला हात मिळवत फिरतोय. पंचांना, रेषेवरच्या माणसाला, त्या बॉल आणून देणाऱ्या पोरींनासुद्धा.

कंपाउंडर : हे रोजच करत असेल.

वहिनी : रोजच असणार. आज दाखवायला करणारा माणूस असा सावकाश नाही करत.

मिस्त्री : मघाशी तो बॉल काखेतून गेला ना, तेव्हा मला वाटलं, संपला गडी, आता मान खाली घालणार.

कंपाउंडर : मलाही तसंच वाटलं. म्हणून डोळे मिटले.

मिस्त्री : नाही घातली.